डावीकडं जराशी

आमच्या स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा कुणी जवळून गेलं की झाकण उघडतो. कचरा टाकायचा असो, नसो. मी दिवसभर तिथून ये-जा करते आणि दिवसभर तो माझ्याकडं बघून आ वासतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी दचकतात, मग हसतात, मग विचारतात की हे कुठं विकत मिळालं. विकत नाही हो, म्हणते मी, लग्नात आलंय.

शिवानंद, म्हणजे माझा नवरा, पतसंस्थेत नोकरी करतो. तिथं तो काय करतो ते मला नीट सांगता येणार नाही, कारण घरी त्याविषयी तो अवाक्षर काढत नाही. घरी आला की पायातले मोजेही न काढता सोल्डरिंगची गन तापत ठेवतो. जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट आहे, त्यातली एक खोली माणसांची आणि दुसरी वायरींची. कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र त्यानं एकदा बाल्कनीत बसवलं. आम्ही गावाला गेलो आणि यंत्रानं खालच्या मजल्यावरच्या काशम्मांच्या वाळत घातलेल्या शेवयांना मनसोक्त पाणी घातलं. काशम्मा अजून माझ्याशी बोलताना आधी वर बाल्कनीकडं बघतात.

माणूस वाईट नाही. उलट इतका भला की त्याच्यावर रागावून झाल्यावर आपल्यालाच अपराधी वाटतं. त्याचं एकच दुखणं आहे, त्याला दाखवायची घाई असते. वस्तू एकदा चालली की झालं. ती नीट चालते का, दुसऱ्या दिवशी चालते का, हे सगळं नंतर. आधी टाळ्या.

आणि टाळ्या वाजवायला आमच्याकडं हक्काचे प्रेक्षक होते, माझे वडील. नागप्पा म्हटलं की बाजारात अजून लोक ओळखतात. भुसार मालाचं दुकान त्यांनी पुतण्याच्या हाती दिलं, आणि दर रविवारी सकाळी स्कूटरवरून शेंगांची पिशवी घेऊन ते आमच्याकडं यायला लागले. माझ्यासाठी येतात असं मला आधी वाटायचं. पण चपला काढता काढता पहिला प्रश्न असायचा, "काय नवीन, जावईबापू?" मग शिवानंद जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून चालणारी ती चिमुकली गाडी काढायचा. तिच्यावर चहाचा कप ठेवायचा. गाडी स्वयंपाकघरातून निघायची आणि अप्पांच्या खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर निम्मा चहा फरशीवर. उरलेला निम्मा अप्पा अशा थाटात प्यायचे की जणू राजवाड्यात बसलेत. फरशी पुसायला मी होतेच.

अप्पांना मुलगा नाही. मी एकटीच. लोक पूर्वी हळहळायचे, तेव्हा ते ऐकून घ्यायचे. माझ्या लग्नानंतर मात्र कुणी तसं बोललं की म्हणायचे, जावई हाय की. तेवढ्यावर विषय संपायचा.

अप्पांच्या आयुष्यात दुकान, अव्वा म्हणजे माझी आई, आणि मी यांच्याइतकीच आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे काठी. संक्रांतीच्या यात्रेत ज्या नंदीध्वजांची मिरवणूक निघते, त्यातल्या एका काठीला आमच्या माहेरच्या गल्लीतली माणसं लागतात. घराच्या वर जाईल एवढी उंच काठी. कमरेला बांधलेल्या पट्ट्यात तिचं बूड टेकवायचं आणि दोन्ही हातांनी ती सरळ पेलून चालायचं. एकाचा दम संपला की दुसऱ्यानं घ्यायची. कुणी कुठून कुठवर घ्यायची ते गल्लीत ठरलेलं असतं. सक्तीनं कुणी ठरवलेलं नाही, पण वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय. अप्पांची पाळी वळणावर. सरळ रस्त्यावर काठी कुणीही नेईल, वळणावर शेंडा एकीकडं आणि पाय दुसरीकडं जातात, तिथं जाणता माणूस लागतो. मी फ्रॉक घालायची तेव्हापासून त्या वळणावर अव्वाच्या खांद्यावरून अप्पांना बघत आलेय. पांढऱ्या बाराबंदीत ते मला माझे वडील वाटायचेच नाहीत. कुणीतरी मोठंच माणूस वाटायचं.

औंदा त्यांनी गुरुबसप्पा काकांना सांगून टाकलं होतं की ही शेवटची. गुरुबसप्पा काका गल्लीतले वडीलधारे, पाळ्या तेच लावतात. अप्पांचं वय झालं होतं, तरणी पोरं पाठीमागं कुजबुजत होती, आणि ती कुजबुज अप्पांना ऐकू येत नव्हती अशातला भाग नाही. एकदा शेवटचं वळण घ्यायचं, मग काठी नागेश नावाच्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोराच्या हातात द्यायची आणि मोकळं व्हायचं, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी त्यांनी दिवाळीपासून साखर सोडली होती. सकाळी उठून जोर मारत होते. अव्वा म्हणायची, नवरदेवासारखं चाललंय सगळं.

सराव सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी अप्पा आमच्याकडं आले, गाडीवरचा निम्मा चहा प्यायले आणि शिवानंदला म्हणाले, की पोरांना शिकवताना काठी किती झुकली ते नुसतं ओरडून कळत नाही. हे तुमचं मशीन सांगू शकेल का? शिवानंदचा चेहरा असा उजळला की मला लग्नातला आठवला. सासऱ्यानं आजवर त्याच्या वस्तूंचं कौतुक केलं होतं, काम पहिल्यांदाच सांगितलं होतं.

सगळा आठवडा त्याचं तेच. साबणाच्या डबीएवढी एक पेटी केली. तिच्यात झुकाव ओळखणारा सेन्सर, एक छोटं बोर्ड, बॅटरी. पेटी काठीला छातीच्या उंचीवर बांधायची. काठी सरळ असली की हिरवा दिवा. झुकली की लाल दिवा, बझर वाजणार, आणि कुठल्या बाजूला किती झुकली याची रेघ मोबाईलवर उमटणार. आता पेटीला आधी सांगावं लागतं की सरळ म्हणजे काय. तेवढं एकदा सांगितलं की पुढचं ती बघते. त्यासाठी सपाट जागा हवी. वायरींच्या खोलीत वीतभर सपाट जागा नाही, म्हणून शनिवारी सकाळी शिवानंद पेटी घेऊन माझ्या ओट्यावर आला. माझी भाकरी तव्यावर होती. परात सरकव म्हणाला. मी सरकवली आणि वर दोन शब्द सुनावले. त्यानं पेटी ओट्यावर उभी केली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. झालं, म्हणाला.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे मैदानावर. सरावाची काठी साधी असते, तिला ना फुलं ना सजावट, पण वजनाला ती काही साधी नसते. शिवानंदनं पेटी बांधली. पोरं भोवती गोळा झाली. अप्पा एकेकाला सांगत होते, आमच्या जावयानं केलंय, इकत आणल्यालं न्हाय. आधी पोरांच्या पाळ्या झाल्या. काठी इकडं गेली की लाल, तिकडं गेली की लाल, मधूनच क्षणभर हिरवा. बझर सारखा वाजतोय, पोरं एकमेकांना चिडवतायत, मज्जा चालली होती. नागेश अंगानं रेडा आहे. त्यानं कान बझरकडं लावले, हिसका देऊन काठी दाबून धरली आणि बऱ्यापैकी वेळ हिरवा टिकवला. टाळ्या पडल्या. अप्पांनीही वाजवल्या.

मग अप्पांनी पट्टा बांधला. पोरं बाजूला सरून उभी राहिली, कारण अप्पांची काठी बघण्यासारखी असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला, काठी घेतली, आणि बझर वाजायला लागला. थांबेचना. पोरांच्या वेळी तो तुटक तुटक वाजत होता, हा एकसारखा, कुकरची शिट्टी अडकावी तसा. लाल दिवा ढिम्म. अप्पांचा चेहरा आधी हसरा होता, मग नाही. शिवानंदनं तेव्हा पेटी बंद करायला हवी होती. मी त्याच्या शेजारीच उभी होते, मलाही सुचलं नाही. तो मोबाईलकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "मामा, डावीकडं झुकलीय. जराशी उजवीकडं घ्या."

अप्पांनी घेतली. जावयानं सांगितलं म्हणून घेतली. बझर थांबला, हिरवा दिवा लागला, आणि त्याच क्षणी काठीचं सगळं वजन उजवीकडं ओढलं. अप्पांचे पाय एकात एक गुंतले. चारपाच जणांनी धावून काठी धरली, दोघांनी अप्पांना धरलं. लागलं कुणालाच नाही. पोरं नजर चुकवत काठी आडवी करायला लागली. एखाद्यानं हसून घालवलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पांनी पट्टा सोडला. पाणी प्यायले. मग गुरुबसप्पा काकांपाशी जाऊन त्यांनी आपली वळणाची पाळी नागेशला द्यायला सांगितली. काका म्हणाले, नागप्पा, एका दिवसावर काय जातंय, असं होतं कधीकधी. अप्पा म्हणाले, "न्हाय काका. पोरांच्या बाबतीत मशीन खरं आनि माझ्या बाबतीत खोटं, असं असतंय व्हय? वळणावर माणसं असतात, बायका-पोरं असतात. नागेशलाच द्या."

त्या वेळी त्यांनी यंत्राला नावं ठेवली असती तर लोकांनी 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी ठेवली नाहीत. परत येताना शिवानंद गाडीवर माझ्या पुढं बसून एवढंच म्हणाला, की मला वाईट वाटतंय, पण वेळेत कळलं हे बरं झालं. मलाही ते पटलं.

नंतर माहेरी जे सुरू झालं ते अव्वा मला फोनवर सांगायची. आधी हसून सांगायची. अप्पा जेवताना मध्येच तिला विचारायचे, रत्नम्मा, मी डावीकडं झुकून बसलोय का बघ. चपला उलट्या करून बघितल्या तर डावीची टाच जास्त झिजलेली निघाली. कुणाच्या चपला दोन्ही सारख्या झिजतात सांगा. पण अप्पांना तो पुरावा वाटला. मग स्कूटर डावीकडं ओढते असं म्हणायला लागले. मेकॅनिकनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा अप्पांनी त्याला सांगितलं, अरे गाडीत न्हाय, माझ्यात हाय. आणि स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. रविवारी येणं बंद झालं. मी भेटायला गेले तर पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाताना भिंतीला हात लावून चालत होते. चाल अगदी धड होती. मी तसं म्हटलं तर म्हणाले, भिंत धरलीय म्हणून धड हाय. डॉक्टरांनीही तपासलं. तुमचं सगळं उत्तम आहे म्हणाले. अप्पांनी त्यांचे आभार मानले, आणि घरी येऊन अव्वाला सांगितलं, डॉक्टर बिचारा चांगला माणूस हाय, तोंडावर सांगत न्हाय.

हे ऐकून मला अप्पांचा राग यायचा. धडधाकट माणूस मनानं एवढा कसा खचतो? असं मी शिवानंदलाच म्हणायचे.

यात्रेला पंधरवडा उरला असेल. सकाळी मी भाकऱ्या थापत होते. शिवानंद कुठल्याशा वस्तूचा सेल बदलायला आला आणि नवा गोल सेल त्यानं ओट्यावर आडवा ठेवला. सेल घरंगळत उजवीकडं निघाला आणि टप्पकन सिंकमध्ये पडला. मी वर न बघता म्हटलं, की तिथं गोल काही ठेवू नये, ओट्याला उतार आहे. प्रत्येक बाईला माहीत असतं हे. ओटा धुतला की पाणी सिंककडं जावं म्हणून गवंडी मुद्दाम उतार देतो. माझी लिंबं, माझे टोमॅटो वर्षानुवर्षं त्याच वाटेनं सिंकमध्ये जातात.

सेल काढायला कुणी हात घातला नाही म्हणून मी वळून बघितलं. शिवानंद ओट्याकडं बघत उभा होता. याच ओट्यावर त्या शनिवारी त्यानं पेटी उभी केली होती.

त्यानं मोबाईलवर त्या संध्याकाळच्या रेघा काढल्या. एवढे दिवस त्यानं त्या बघितल्या नव्हत्या, बघायचं काय राहिलंय असं वाटून. पोरांच्या रेघा वरखाली, वरखाली. नागेशची जरा कमी. आणि अप्पांची एक रेघ, वहीत पट्टीनं मारावी तशी सपाट. मैदानावरच्या सगळ्या रेघांत तेवढी एकच सरळ. फक्त शून्यावर नव्हती, शून्याच्या बोटभर शेजारून चालली होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यानं 'उजवीकडं घ्या' म्हणेपर्यंत. पेटीनं ओट्याचा उतारच सरळ धरला होता; उतार बोटभर, पण तेवढ्यानं काठीचा शेंडा हातभर सरकतो. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि नाचणाऱ्यानं ते मुकाट्यानं आपल्या पायांवर घेतलं होतं.

मी तवा खाली उतरवला. त्याला म्हटलं, "आत्ता जा. चहासुद्धा घेऊ नको. जाऊन अप्पांना सांग की चूक माझी झाली."

तो शर्ट घालून दारापर्यंत गेला आणि थांबला. म्हणाला, नुसतं असं जाऊन काय सांगू? मोकळ्या हातानं? मी नीट करून घेऊन जातो. चांगला सेन्सर मागवतो, गवंड्याची लेव्हल लावून शून्य बरोबर घेतो आणि मामांच्या हातात काठी देऊन सगळ्यांसमोर हिरवा दिवा दाखवतो. अब्रू जिथं गेली तिथंच परत मिळायला हवी ना?

आता वाटतं, तेव्हा त्याला ढकलून बाहेर काढायला हवं होतं. पण त्याचं बोलणं मलाही बरं वाटलं. मैदान, सगळी मंडळी, हिरवा दिवा, टाळ्या. अप्पांना टाळ्यांसकट सगळं परत मिळावं असं मलाही वाटलं. सेन्सर यायला वेळ लागला. आला तो बिघडलेला निघाला. दुसरा आला. यात दिवस गेले आणि त्या सगळ्या दिवसांत अप्पा भिंत धरून चालत राहिले.

अखेर नवी पेटी तयार झाली. या वेळी शिवानंदनं ती दहा ठिकाणी लेव्हल लावून तपासली. जन्मात पहिल्यांदा त्यानं दाखवायच्या आधी तपासलं. आम्ही माहेरी गेलो. गुरुबसप्पा काकांनाही सरावाची काठी घेऊन बोलावलं. शिवानंदनं अप्पांच्या पायांना हात लावला आणि सगळं सांगितलं, ओटा, उतार, सिंकमध्ये पडलेला सेल, सपाट रेघ. स्वतःची कुठलीच चूक त्यानं झाकली नाही. माझ्या नवऱ्याला मी तेव्हा मनातल्या मनात सगळं माफ केलं.

अप्पा शांतपणे ऐकत होते. मध्येमध्ये मान हलवत होते. मग शिवानंदच्या आग्रहाखातर अंगणात गेले, पट्टा बांधला, सरावाची काठी घेतली. जुन्या सवयीनं ती लगेच तोलली गेली. नवी पेटी हिरवीगार. बझरनं हूं की चूं केलं नाही. काकांनी टाळ्या वाजवल्या, अव्वानं डोळ्यांना पदर लावला. काका म्हणाले, झालं तर मग, वळणाची पाळी नागप्पाची. अप्पांनी काठी खाली ठेवली, शिवानंदच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "लई केलं तुमी माझ्यासाठी. पन काका, दिलेली पाळी परत घ्याची नसती. नागेशनं घरी सांगितलंय, पोराची आई पाव्हण्यांना बोलावून बसलीय. असू द्या."

अप्पांचा स्वभाव तसाच. आम्हाला वाटलं, केवढं मोठं मन. येताना शिवानंद हलका झाला होता. पाळी गेली याचं त्याला वाईट वाटत होतं, पण मामांच्या मनातलं तरी निघालं, म्हणत होता. त्या रात्री त्याला झोप लागली.

यात्रेतल्या अक्षतांच्या दिवशी, काठ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, आम्ही सगळे वळणावर उभे राहिलो. एका दुकानाच्या पायऱ्यांवर जागा मिळाली. अप्पांनी बाराबंदी घातली नव्हती, साधा पांढरा शर्ट घातला होता. ऊन चढलं होतं, गर्दी दाटली होती, हलगी जवळ यायला लागली होती. शिवानंद अव्वासाठी पाणी आणायला गेला. काठ्या वळणाशी आल्या. आमची काठी आली तेव्हा नागेश पट्टा बांधून तयार होता, पण गुरुबसप्पा काका मध्येच थांबले. त्यांनी पायऱ्यांवरच्या अप्पांकडं बघून हात केला. या, म्हणून. नागेशनंही बघितलं आणि तो बाजूला सरकला, मनापासून सरकला. गर्दीनं वाट केली. चार पायऱ्या उतरायच्या होत्या फक्त.

अप्पांनी काठीला हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली.

मी त्यांचा दंड धरला. जा ना अप्पा, म्हटलं, सगळे थांबलेत, नागेश स्वतः देतोय. अप्पा काठीकडंच बघत होते. काकांनी थोडी वाट बघितली, मग नागेशला खूण केली. काठी उचलली गेली. नागेशनं वळण घेतलं, जरा हिसके बसले, पण घेतलं. काठी दिसेनाशी होईपर्यंत अप्पा हात जोडून उभे होते. मग माझ्याकडं वळले. डोळे भरलेले, पण चेहऱ्यावर हसू.

"सिरी, तुला एक सांगतो. त्याला सांगू नको," ते म्हणाले. "असा जावई मिळायला नशीब लागतंय. म्हाताऱ्याचं मन राखायला एवढी रात्रंदिवस मेहनत करून माणूस हिरवा दिवा लागणारं नवीन मशीन करून आनतो. सवताच्या हातानं केलेल्या पैल्या मशीनला चारचौघांत खोटं पाडतो. पोटच्या पोरानं केलं नसतं. मला कळलं न्हाय व्हय? पन म्हटलं, एवढ्या हौसेनं आनलंय, पेलून दावू."

मी म्हटलं, "अप्पा, नाही. ते खरं होतं. ओट्याला खरंच उतार आहे. मी रोज बघते."

"व्हय की," अप्पा म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. "तू नवऱ्याची बाजू घेनारच. घ्यायालाच पायजे."

मी आणखी बोलत राहिले. रेघेचं सांगितलं, पुन्हा उताराचं सांगितलं, शपथ घेतली. जितकं जास्त बोलत गेले तितकं ते जास्त मायेनं मान हलवत गेले. मोकळ्या हातानं, तव्यावरची भाकरी तशीच टाकून, शिवानंद त्या सकाळी धावत आला असता तर त्यांना पटलं असतं. घामाघूम माणूस दारात उभा राहून चूक झाली म्हणाला असता, तर त्यात मन राखण्यासारखं काय होतं? आम्ही त्यांच्यासाठी हिरवा दिवा तयार करत बसलो.

शिवानंद गर्दीतून वाट काढत पाण्याची बाटली घेऊन आला. काय झालं, काठी गेली का, म्हणाला. गेली, मी म्हटलं. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, हे आमचे जावई. मग घरी निघताना त्यांनी शिवानंदला आपल्या डाव्या अंगाला घेतलं आणि त्याचा दंड घट्ट धरला, कारण पडलो तर तिकडंच पडणार अशी त्यांची खात्री होती. शिवानंदला वाटलं, मामांनी मायेनं धरलंय, आणि घर येईपर्यंत तो अगदी जपून, त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालत राहिला.